ऑफिसच्या हवेचाही दाखला द्या

२०२५ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने सांगितलं, की एसीचं तापमान २० अंशांखाली आणि २८ अंशांवर नेता येऊ नये, असा नियम आणण्याचा विचार आहे. मग आठवडाभर घराघरांत आणि टीव्हीवर वाद रंगले. कुणाला १८ शिवाय झोप येत नव्हती, कुणाला विजेची बचत पटत होती, कुणी म्हणत होतं की बिल आम्ही भरतो तर सरकारचा संबंध काय. प्रत्येकाला मत होतं, कारण तापमान अंगाला कळतं आणि रिमोटवर आकड्यात दिसतं. पण आपण जी हवा गार करून घेतो ती येते कुठून, तिच्यात बाहेरची ताजी किती आणि शेजारच्या माणसांनी नुकतीच सोडलेली किती, हे त्या आठवड्यात कुणी विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. व्यावसायिक इमारतीत दिवसाचे आठ-नऊ तास बसणाऱ्या माणसाला तिथली हवा कशी आहे हे आकड्यात दिसलं पाहिजे, आणि ती ठीक ठेवण्याची जबाबदारी इमारत चालवणाऱ्यावर कायद्याने, तपासणीसकट टाकली पाहिजे. लिफ्टची तपासणी होते, आगीच्या यंत्रणेची होते, पाण्याची टाकी धुतल्याची तारीख टाकीवर लिहिलेली असते. हवा मात्र भरवशावर सोडलेली आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. गच्चीवर किंवा भिंतीबाहेर त्याचा पंखा फिरत असतो, म्हणून पुष्कळांना वाटतं की तिकडून हवा येत असणार. त्या दोन युनिटांमध्ये फक्त तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांतून गॅस फिरतो. खोलीतली हवाच ओढायची, गार करायची आणि परत खोलीत सोडायची, एवढंच ते यंत्र करतं. घरी तीन-चार माणसांत, दार उघडत-मिटत असताना ते खपून जातं. पण हाच स्प्लिट, किंवा छतात बसवलेला कॅसेट एसी लावून, खिडक्या सील करून, आत तीस-चाळीस माणसं बसवली की काय होतं? बँकेच्या शाखा, कोचिंग क्लास, दवाखान्यांचे प्रतीक्षाकक्ष, सीएंची ऑफिसं, दागिन्यांची दुकानं, आपल्याकडची बहुतेक छोटी व्यावसायिक जागा आज अशीच आहे. एक्झॉस्ट फॅन असतो तो बाथरूममध्ये.

मोठ्या इमारतींत निदान सोय तरी केलेली असते. प्रत्येक मजल्यावर एक एएचयू रूम, म्हणजे हवा फिरवणाऱ्या यंत्राची खोली असते. मजल्यावरची वापरलेली हवा फॉल्स सीलिंगच्या वरून त्या खोलीत परत येते, फिल्टरमधून जाते, गार कॉइलवरून जाते आणि डक्टमधून पुन्हा टेबलांवर पडते. त्याच खोलीच्या बाहेरच्या भिंतीत एक झडप असते, तिला सगळे फ्रेश एअरचा डँपर म्हणतात. फिरणाऱ्या हवेत ठरावीक प्रमाणात बाहेरची हवा मिसळायची, ती इथून. काही इमारतींत त्यासाठी गच्चीवर वेगळं मशीन असतं, ते बाहेरची हवा गाळून, कोरडी करून मजल्यामजल्याला देतं. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे.

इमारतींच्या देखभालीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. ही झडप नकाशात दाखवली तितकी उघडी असलेली इमारत मला क्वचितच भेटली. कुठे ती बंद करून पात्यांवर रंगाचा हात मारलेला असतो. कुठे आतून प्लायवूड ठोकलेलं असतं. कुठे पावसाचं पाणी आत येतं म्हणून एका जुलैत प्लास्टिक लावून वर टेप मारलेली असते आणि ते प्लास्टिक पुढच्या उन्हाळ्यातही तसंच असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: साहेब, उघडलं की चिलर (इमारतीला गारवा पुरवणारं मुख्य यंत्र) लोड घेतो, बिल वाढतं. सांगणारा ऑपरेटर खोटं बोलत नसतो. त्याचं काम बिलावर जोखलं जातं. मजल्यावर २४ अंश मिळाले नाहीत तर त्याला फोन येतो, आणि हवा शिळी झाली म्हणून फोन करता येईल असा आकडा कुणाकडेच नसतो.

खुद्द एएचयू रूममध्ये काय असतं तेही एकदा उघडून पाहावं. रिकामी जागा दिसली की हाऊसकीपिंगचं सामान तिथे येतं. ओले मॉप, फिनेलचे कॅन, अर्धे वापरलेले रंगाचे डबे, थिनरची बाटली, काढून टाकलेल्या कार्पेटची गुंडाळी. ठेवणाऱ्या मावशींचा यात दोष नाही, त्यांना दुसरी जागा कुणी दिलेलीच नसते. पण मजल्यावरची सगळी हवा दिवसभर याच खोलीतून फिरते. फिनेल, थिनर, ओल्या मॉपवरची बुरशी, कॉइलखालच्या ट्रेचा ड्रेन तुंबून साचलेलं पाणी, या सगळ्यावरून गेलेली हवा वर दीडशे-दोनशे माणसांच्या डोक्यावर पडते. फिल्टर धुण्याचं वेळापत्रक दाराला चिकटवलेलं असतं आणि सह्याही असतात. फिल्टर मात्र हाताने झटकला तरी धूळ उडते.

आता आकड्यांकडे येऊ, कारण आकड्यांशिवाय ही तक्रार ‘मला गुदमरल्यासारखं होतं’ एवढ्यावरच राहते आणि त्यावर ‘पाणी प्या’ एवढंच उत्तर मिळतं. बाहेरच्या हवेत आज कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे ४२० भाग, म्हणजे ४२० पीपीएम असतो. आपण जो श्वास सोडतो त्यात तो सुमारे ४० हजार पीपीएम असतो. म्हणून बंद खोलीतला या वायूचा आकडा सरळ सांगतो, की इथल्या हवेत माणसांनी सोडलेली हवा किती आहे. मीटरवर २००० दिसत असेल, तर तुमच्या दर पंचवीस श्वासांतला साधारण एक श्वास दुसऱ्याच्या फुप्फुसातून आलेला आहे. ही कल्पना नवी नाही. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या वैद्याने १८५८ मध्येच खोलीतल्या हवेसाठी १००० पीपीएमची मर्यादा सुचवली होती. आजही बहुतेक ठिकाणी हाच आकडा धरतात. त्यामागचं गणितही जुळतं: बसून काम करणाऱ्या माणसाला सेकंदाला साडेआठ लिटर ताजी हवा मिळाली, तर खोलीचा आकडा हजाराच्या आसपास स्थिरावतो. ऑफिससाठीचे आंतरराष्ट्रीय मानक साधारण एवढ्याच हवेचे आहेत.

एखादी मीटिंग रूम घ्या. वीस चौरस मीटर, नेहमीच्या उंचीचं छत, दहा माणसं, काचेचं दार बंद. ताजी हवा येत नसेल तर मीटरवरचा आकडा मिनिटाला पन्नासेकाने चढतो. सुरुवातीला ७०० असेल तर अर्ध्या तासात २००० गाठतो, आणि तिमाहीचा आढावा तासाभराच्या आत कधी संपतो? बाराच्या सुमाराला जांभया यायला लागतात, कुणीतरी एसी एक अंश कमी करतं, कुणीतरी चहा मागवतं. आळस जेवणाचा, झोपेचा किंवा कंटाळ्याचा समजला जातो. मीटर टेबलावर ठेवून दार उघडलं की दहा-पंधरा मिनिटांत आकडा झपाट्याने उतरताना दिसतो. मी हे बऱ्याच लोकांना दाखवलंय, आणि दाखवल्यावर कुणालाही पुढे समजवावं लागलेलं नाही.

मेंदूवर याचा नेमका परिणाम किती, यावर संशोधकांत अजून मतभेद आहेत, आणि ते लपवायचं कारण नाही. उषा सतीश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये, तर हार्वर्डच्या जोसेफ अ‍ॅलन यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निर्णयक्षमतेचे गुण घसरलेले दिसले. हार्वर्डच्या प्रयोगात ९४५ पीपीएमच्या आसपास ते १५ टक्क्यांनी आणि १४०० ला निम्म्याने कमी झाले. हे प्रयोग प्रत्येकी जेमतेम दोन डझन माणसांवर झाले होते, आणि नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत एवढा मोठा परिणाम दिसलेला नाही. माझ्या मते वाद नेमक्या टक्क्यांचा आहे, मुद्द्याचा नाही. हा वायू एकटा वाढत नाही. तो वाढतो तेव्हा फर्निचरच्या प्लायवूड-एमडीएफमधून सुटणारं फॉर्माल्डिहाइड, नव्या कार्पेटचा आणि गोंदाचा वास, आणि खोकणाऱ्याच्या तोंडातून निघालेले विषाणू हेही त्याच हवेत साठत असतात.

विषाणूंचा पुरावा तर आपण अनुभवलाय. २०२० च्या मार्चमध्ये सेऊलमधल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये २१६ पैकी ९४ जणांना कोरोना झाला, आणि त्यातले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते. त्याआधी जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले दहा जण बाधित झाले. तिथे नंतर मोजमाप झालं तेव्हा कळलं, की माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर ताजी हवा मिळत होती आणि एसी तीच हवा त्या तीन टेबलांवर फिरवत होता. २०२१ च्या मेमध्ये आपल्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मास्क आणि अंतराच्या जोडीला वायुवीजनावर भर देणारी सूचना काढली, आणि सूक्ष्म तुषार हवेत दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात असं त्यात स्पष्ट लिहिलं. तेव्हा कितीतरी ऑफिसांत वर्षानुवर्षांचे डँपर उघडले गेले, खिडक्यांची सील काढली गेली. लाट ओसरली, माणसं ऑफिसात परतली आणि बिलं वाढली तसे ते पुन्हा बंद झाले. मला याचं सर्वात जास्त वाईट वाटतं. एवढी मोठी किंमत मोजून जे शिकलो ते आपण दोन वर्षांत टाकून दिलं.

वीज वाचवण्यासाठी हवा कापण्याची चूक जगाने आधी करून झालेली आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इमारती घट्ट बंद करण्याची मोहीम निघाली. तोवर माणशी मिनिटाला सुमारे १५ घनफूट बाहेरची हवा द्यायची पद्धत होती, ती ५ घनफुटांवर आणली. पुढच्या दहा वर्षांत नव्या ऑफिसांतून डोकेदुखी, डोळे चुरचुरणं, घसा कोरडा पडणं, थकवा अशा तक्रारींचा पूर आला. माणूस इमारतीबाहेर पडला की त्या थांबत. १९८४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने म्हटलं, की नव्या आणि नूतनीकरण केलेल्या इमारतींपैकी ३० टक्क्यांपर्यंत इमारतींत अशा तक्रारी असू शकतात. ‘आजारी इमारत’ हा शब्दप्रयोग तेव्हाचा. १९८९ मध्ये मानक पुन्हा किमान १५ घनफुटांवर आणि ऑफिससाठी २० वर नेण्यात आलं. आपण मात्र काचेच्या इमारती उचलल्या त्या हा धडा सोडून. फोर्टातल्या जुन्या कचेऱ्यांत छत उंच होतं, दारावर झडपा होत्या, खिडक्या उघडत होत्या. त्या जागी जी काच आली तिला कडीच नाही. मग यंत्राने हवा द्यायची ठरलं, आणि आता ते यंत्रही बंद.

खर्चाचा बाऊ फार होतो, म्हणून हिशेब मांडतो. मुंबईतला जुलैचा दिवस धरा: बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, आत २४ अंश आणि ५५ टक्के. माणशी सेकंदाला साडेआठ लिटर बाहेरची हवा गार आणि कोरडी करायला साधारण ३५० वॉटचं शीतलीकरण लागतं. चिलर, पंप, पंखे सगळं धरून त्यासाठी वीज जाते ८०-९० वॉट. नऊ तासांचं झालं पाऊण युनिट. व्यावसायिक दर सगळ्या आकारांसह युनिटमागे १५ रुपये धरला, तरी दिवसाला माणशी बारा रुपयांच्या आत आणि कामाच्या बावीस दिवसांचे अडीचशे. हा वर्षातला सर्वात महागडा महिना. डिसेंबरमध्ये पुण्यात सकाळची बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असते, तेव्हा ती आत घेतल्याने चिलरचं काम उलट कमी होतं. बाहेर फेकल्या जाणाऱ्या गार हवेचा गारवा आत येणाऱ्या हवेला देणारी फिरती चाकं मिळतात. ती बसवली तर या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग वाचतो. वांद्रे-कुर्ला संकुलात एका खुर्चीचं महिन्याचं भाडं पाच आकड्यांत जातं आणि त्या खुर्चीवरच्या माणसाचा पगार त्याच्या कितीतरी पट असतो. त्या माणसाच्या श्वासावरचे अडीचशे रुपये वाचवण्यात कसली काटकसर?

एक आक्षेप मात्र खरा आहे: बाहेरचीच हवा घाण असेल तर ती आत का घ्यायची? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची हवा इतकी बिघडली, की मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेला बांधकामांसाठी नियमावली काढावी लागली. सत्तर मीटरहून उंच इमारतींच्या बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे, पाण्याची फवारणी, हिरवं कापड वगैरे. अशा दिवशी नुसती खिडकी उघडणं हा उपाय नाही. सूक्ष्म धुळीसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५. त्यामुळे हवा आत आणायची आणि आणताना गाळायची, ही दोन्ही कामं करावी लागतात. एएचयूत नेहमी दिसणारा जाळीचा धुण्याचा फिल्टर केस आणि कापसासारखी धूळ अडवतो, सूक्ष्म धूळ त्यातून सरळ जाते. त्यासाठी मर्व्ह १३ दर्जाचा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो याची श्रेणी) फिल्टर लागतो, आणि तो बसवण्याआधी पंख्याची ताकद पुरते का हे पाहावं लागतं, नाहीतर मजल्यावर हवाच पोचत नाही.

इथेच फसवणुकीला वाव आहे, म्हणून थोडं थांबतो. डँपर बंद केला की आतली धूळ कमी होते, आणि कुणी धुळीचाच आकडा दाखवला तर ऑफिस अगदी निरोगी वाटतं. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड दोन हजारांवर असू शकतो. कोपऱ्यात ठेवलेला एअर प्युरिफायर धूळ गाळतो, पण कार्बन डायऑक्साइडचा एक कणही कमी करत नाही. म्हणून एक आकडा कधीच पुरेसा नाही. दोन्ही शेजारीशेजारी दिसले पाहिजेत. स्वस्तातल्या काही मीटरमध्ये हा वायू मोजणारा सेन्सरच नसतो, दुसऱ्या वासांवरून अंदाजाचा आकडा दाखवला जातो. मीटर घेताना त्यात अवरक्त किरणांनी मोजणारा सेन्सर आहे का हे विचारावं. आणि झाडं? रिसेप्शनमधला मनी प्लांट आणि अरेका पाम डोळ्यांना छान वाटतात, ते जरूर ठेवावेत. पण १९८९ च्या नासाच्या प्रयोगाचा हवाला देऊन झाडांनी ऑफिसची हवा शुद्ध होते असं जे सांगतात, तो प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये असे सगळे प्रयोग पुन्हा तपासले. इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला चौरस मीटरमागे दहा ते हजार झाडं लागतील, असं निघालं. झाडांसाठी प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या पहाडपूर बिझनेस सेंटरमध्येसुद्धा बाहेरची हवा धुऊन आणि गाळून आत घेतात.

मग जबाबदारी कुणाची? विचारायला गेलं की चेंडू फिरत राहतो. इमारतीचा मालक म्हणतो, आम्ही माणशी शंभर चौरस फुटांच्या हिशेबाने यंत्रणा दिली, भाडेकरूने साठात बसवले. भाडेकरू कंपनी म्हणते, हवा कॅम चार्जेसमध्ये, म्हणजे सामायिक देखभालीच्या आकारात येते, ते फॅसिलिटीवाले (इमारतीची देखभाल करणारे) बघतात. फॅसिलिटीवाले म्हणतात, आम्हाला बिल कमी ठेवायचं टार्गेट आहे. तिघंही आपापल्या परीने खरं बोलतात. बिल भरणारा एक, यंत्र चालवणारा दुसरा आणि श्वास घेणारा तिसरा असतो, आणि त्या तिसऱ्याला या करारात सही नाही. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कॉल सेंटरमध्ये तर खुर्ची गार व्हायच्या आत दुसरा माणूस बसतो, खोलीला उसंतच नसते.

आणि या यादीत शेवटी असतो बेसमेंटमधला वॉचमन. संध्याकाळी सहा ते आठ गाड्या रांगेत चालू इंजिनाने उभ्या असतात. छताला जेट फॅन लावलेले असतात, ते आगीच्या तालमीपुरते फिरतात. बाकी वेळ विजेसाठी बंद. कार्बन मोनॉक्साइड मोजणारे सेन्सर लावलेले असतील तर त्यांचं कॅलिब्रेशन कधी झालं हे कुणालाच ठाऊक नसतं. वरच्या मजल्यावरच्या साहेबाला निदान गच्चीवर जाता येतं. हा माणूस बारा तासांची ड्यूटी त्या धुरात करतो आणि रात्री डोकं दुखतं म्हणून गोळी घेतो. ज्याला ऑफिसच्या हवेचा विषय म्हणजे वातानुकूलित खुर्चीवाल्यांचे लाड वाटतात, त्याने आधी दुसऱ्या तळघरात जाऊन एक संध्याकाळ उभं राहावं.

कायदा अगदीच गप्प आहे असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात कामगारामागे १४.२ घनमीटर जागा असावी असं लिहिलं होतं, आणि छत कितीही उंच असलं तरी ४.२ मीटरच्या वरची जागा धरायची नाही असंही. माणशी पन्नास चौरस फूट आणि २.६ मीटरचं छत असलेलं ऑफिस या मापात नापास होतं: तिथे माणशी बारा घनमीटर भरतात. त्या कायद्याची जागा घेणारी २०२० ची कामगार सुरक्षा आणि आरोग्यविषयक संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तीही मालकाच्या कर्तव्यांत वायुवीजन धरते. ठरावीक संख्येहून जास्त कामगार असलेल्या दुकानांना आणि ऑफिसांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातही स्वच्छता, उजेड आणि वायुवीजनाची काळजी मालकाने घ्यायची आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत हवेचे तपशीलवार निकष आहेत, पण ती संहिता शिफारशीच्या स्वरूपाची. हरित इमारतीचं प्रमाणपत्र लॉबीत लावलेलं असतं, त्यात ताज्या हवेला गुणही असतात, पण बहुतेक वेळा ते आराखड्याचे आणि इमारत सुरू झाली त्या दिवसाचे. शब्द सगळीकडे आहेत. रोज कोण मोजणार, कुठे दाखवणार आणि नापास झालं तर काय, हे कुठे नाही.

जपानने हे १९७० मध्येच केलं. तिथल्या इमारत-स्वच्छता कायद्यानुसार तीन हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या ऑफिस, दुकान, हॉटेल अशा इमारतींत दर दोन महिन्यांनी हवा मोजावी लागते. कार्बन डायऑक्साइड १००० पीपीएमच्या आत, धूळ घनमीटरमागे ०.१५ मिलिग्रॅमच्या आत, शिवाय कार्बन मोनॉक्साइड, तापमान, आर्द्रता. त्यासाठी परवानाधारक व्यवस्थापक नेमावा लागतो. तैवानने २०११ मध्ये सार्वजनिक वापराच्या इमारतींतल्या हवेसाठी स्वतंत्र कायदा केला. हाँगकाँगमध्ये २००३ पासून इमारतींना हवेच्या दर्जाचं प्रमाणपत्र मिळतं. ही सगळी दमट, दाटीवाटीची, एसीवर चालणारी ठिकाणं आहेत. मुंबईला परवडणार नाही असं त्यात काही नाही.

आणि आपल्याकडे सांगाडा तयारच आहे. २००६ च्या महाराष्ट्राच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला किंवा ताबेदाराला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, द्यावा लागतो. याच धर्तीवर हवेचा दाखला मागता येईल. डँपर उघडतो का, माणशी किती हवा येते हे मोजून लिहायचं. फिल्टर कुठल्या दर्जाचा आणि कधी बदलला. एएचयू रूम रिकामी आहे का. बेसमेंटचे पंखे गर्दीच्या वेळी चालतात का. तीन हजार चौरस मीटरवरच्या इमारतींपासून सुरुवात करावी. छोट्या स्प्लिट एसीवाल्या जागांना दोन वर्षांची मुदत देऊन, ताजी हवा ओढणारा फिल्टरसह एक पंखा आणि मोकळी करता येणारी खिडकी, एवढीच अट घालावी.

फॉर्म बी घरबसल्या मिळतात, हवेचाही मिळेल, असं मला इमारतीतले लोकच सांगतात. ही भीती खोटी नाही, म्हणूनच नुसत्या दाखल्यावर माझा भरवसा नाही. प्रत्येक मजल्यावर लिफ्टसमोर एक मीटर असावा, कार्बन डायऑक्साइड आणि पीएम २.५ हे दोन आकडे सतत दाखवणारा, आणि त्याची नोंद साठवणारा. चांगला मीटर काही हजार रुपयांत येतो. दाखला जानेवारीत कसाही मिळाला, तरी मार्चच्या दुपारी मीटरवर १८०० दिसले तर त्या मजल्यावरचे दोनशे लोक फोन काढून फोटो घेतील. फॅसिलिटी मॅनेजरला आज २६ अंशांचा फोन जितक्या तातडीने उचलावा लागतो, तितक्याच तातडीने मग १८०० चाही उचलावा लागेल. इन्स्पेक्टर दोन वर्षांत एकदा येईल न येईल, ती माणसं रोज येतात.

यासाठी विधिमंडळात नवा कायदा आणण्याची वाट पाहायची गरज नाही. २०१७ च्या कायद्यात वायुवीजनाचं कर्तव्य आहेच. त्याखालचे नियम राज्य सरकार अधिसूचना काढून बदलू शकतं. त्यात दोन आकडे, दोन मर्यादा आणि मीटरची अट घालायची आहे. तोवर भाडेकरू कंपन्यांनी आपल्या पुढच्या भाडेकरारात माणशी ताज्या हवेचं प्रमाण लिहून घ्यावं आणि ते मोजण्याचा हक्क राखून ठेवावा. पार्किंगच्या जागांवर, लॉबीतल्या पाटीच्या मापावर महिनोन् महिने घासाघीस होते. त्या कागदांत हे एक कलम बसतं. ज्यांच्या हातात करार नाही त्यांनी सोमवारी फॅसिलिटीच्या माणसाला एएचयू रूमचं दार उघडायला सांगावं आणि डँपर कुठाय ते विचारावं.